फुगा दिसला की ताट वाजवा

इनास सरांना मी प्रथम पाहिलं ते गोखिवऱ्याच्या रस्त्यावर, भर उन्हात लाल फुगा उडवताना. नगररचना विभागात मी नुकतीच रुजू झाले होते. "हे आपले साहेब," सहकारी म्हणाला. मनात आलं, झालं, आपलं नशीबच फुटकं! फुग्याची दोरी होऊ घातलेल्या मोबाइल टॉवरएवढी लांब होती. टॉवर कुणाच्या दारातून कसा दिसेल, हे सर जागेवर जाऊन, आभाळात बघून ठरवत. आज त्यांच्या पंचाहत्तरीला लिहिताना त्याच फुग्याचा मला केवढा अभिमान वाटतो!

तेव्हा प्रत्येक कंपनीला आपला वेगळा टॉवर हवा असे. सरांनी स्थानिक नियमांच्या मसुद्यात एक कलम घातलं: जुन्या टॉवरवर जागा असेल तर तीच वाटून घ्यायची, तिथून भागत नाही हे दाखवल्याशिवाय नवा टॉवर नाही. बैठकीत कुणी तरी वैतागून विचारलं, "धंद्यातल्या वैऱ्याला खांद्यावर कोण घेईल?" सर शांतपणे म्हणाले, "आमच्या वाडीत एकाच बावखलाचं पाणी चार भाऊबंद पाळीने शिंपतात. भांडतात, पण प्रत्येक जण वेगळं तळं खणत नाही." कलम टिकलं.

त्याची कसोटी लागली चांदीपला. गावात एका कंपनीचा टॉवर होता. दुसरीला त्याच टॉवरवर, जरा खालच्या उंचीची जागा मिळत होती, पण तिथून शेवटच्या पाड्यापर्यंत रेंज पोचणार नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून तिने नव्या टॉवरसाठी जी सामाईक जागा मागितली, तिथे काशीबाईंचं पिढीजात खळं होतं. "मंग मी भात कुठं झोडनार, आभालात?" काशीबाई कडाडल्या.

मध्ये आड काही येत नसेल तर रेंज पोचते, हा सरांचा हिशेब. त्यांनी जुन्या टॉवरशेजारी, बरोबर त्या खालच्या जागेच्या उंचीवर फुगा चढवला आणि दवंडी दिली: आपापल्या दारात उभे राहा, फुगा दिसला की ताट वाजवा. मी तेव्हा गरोदर होते. सरांनी दोरी स्वतः धरली आणि मला सावलीत बसवलं. "तुमचे कान तरुण आहेत, तुम्ही ऐका," एवढंच म्हणाले. माझ्या अवस्थेचा चारचौघांत उच्चारही केला नाही.

एकेक आळी खणखणू लागली. शेवटचा पाडा मात्र गप्प. कंपनीचे साहेब गालात हसले. मी कान टवकारले; काशीबाईंचं घर तिथलंच, आणि बाकीचा पाडा त्या वेळी कामावर. बऱ्याच वेळाने तिथून एक ताट जोरात वाजलं. फुगा न दिसताच वाजवलं असेल, अशी साहेबांनी शंका काढली, तेव्हा सर त्यांना घेऊन तडक काशीबाईंच्या दारात गेले. फुगा समोर लख्ख दिसत होता.

"मग इतका उशीर का, आजी?" साहेबांनी विचारलं.

"ताटात भात व्हता ना! अन्न टाकून ताट वाजवतात काय?"

साहेबसुद्धा हसले. दोन्ही कंपन्या एका टॉवरवर आल्या. त्यानंतर किती गावांत हेच कलम कामी आलं! नियम लिहिणारे खूप भेटतात. तो घेऊन लोकांच्या दारात उभे राहणारे आमचे सरच.

सर, आपणांस उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आज समारंभाच्या पंगतीत जो भात वाढला जाणार आहे, तो काशीबाईंनी पाठवलाय, त्याच खळ्यावरचा. सोबत निरोप आहे: "सायबांना म्हनावं, पोटभर जेवा. ताट मागनं वाजवू."