हुंकारा द्यायला माणूस

केनवडच्या शिवारात धुई अशी दाट उतरली होती की हातभरावरचं दिसत नव्हतं. सोजरबाई आणि रोजानं आलेली तांड्यावरची हेमला चाचपतच मेथी उपटत होत्या. दहाला रिसोडची गाडी यायची, त्याआधी जुड्या बांधून व्हायला हव्या होत्या.

सोजरबाई सातवी शिकलेली. वाचनालयातून ती जादूच्या जाडजूड कादंबऱ्या आणायची. त्यात उडते घोडे, मंतरलेल्या तलवारी, डोंगरापल्याडचे राक्षस. ती मोठ्यानं वाचायची आणि नवरा इंद्रभान 'हूं, हूं' करत हुंकारा द्यायचा. तो जाऊन दोन वर्षं झाली. पोरगा हरीओम पुण्याला. गावातल्या बाया पोथीला बसत, पण हिच्या राक्षसांना हसत. मग ती एकटीच भिंतीला वाचून दाखवायची. भिंत काय हुंकारा देते?

म्हणून हेमला मिळाली तेव्हा तिला मोठा आधार वाटला. चहाच्या वेळेला गोठ्यापाशी बसून ही दोन पानं वाचायची, तिकडून हेमलाचा 'हूं' यायचा.

त्या दिवशीच्या पानावर राजपुत्रानं राक्षसांची वस्ती जाळली आणि नगरीत दिवे लागले.

"पाह्य वं हेमले," सोजरबाईनं चष्मा कपाळावर सारला. "लिहिनाऱ्यानं राक्षसाले काळं केलं, घानेरडं केलं, अन् एक शब्द बोलू देल्ला नाही. जंगल त्यायचं, जाळलं यानं. मंग राक्षस कोन?"

"हूं."

"अन् ते राजवाड्यातली राक्षसीन दासी! साऱ्यायचं रांधते, पन तिचं भांडं अलग. हा काय न्याय झाला?"

हुंकारा आला नाही.

"झोपली का वं?"

"नाही, बाई. ऐकून राह्यली." हेमलानं हातातला पोचे पडलेला गिलास पुढं धरला. तिच्या चहाचा हा गिलास घरात कधीच जात नसे, गोठ्यातल्या खिळ्यालाच टांगलेला असायचा. "मंग हा कोन्या राक्षसिनीचा व्हय?"

सोजरबाईनं गिलासाकडं पाहिलं. सासूच्या वेळेपासूनची रीत. रोज ती स्वतःच्या हातानं तो गिलास खिळ्याला लावायची, पण कधी डोळ्यात खुपला नव्हता.

"अवं, ते पह्यलेपासून तसंच हाय," ती बोलून गेली, आणि बोलताक्षणी तिला आपलीच लाज वाटली.

"तो राजवाड्यातला राजा बी असंच म्हनत असन," हेमला म्हणाली. तिनं गिलास विसळला, आपल्याच हातानं खिळ्याला लावला आणि ती जुड्या बांधायला बसली.

दुसऱ्या दिवशी हेमला आली नाही. गावातल्या तुळसाबाईच्या वावरात रोजानं गेली म्हणे. सोजरबाईनं गिलास काढून घरातल्या मांडणीवर ठेवला. खिळाही उपटला. पण हे बघायला कोण होतं? तांड्यावर जाऊन तिला बोलवावं, असं चारदा मनात आलं. जाऊन म्हणायचं तरी काय? माही गोष्ट ऐकाले चल?

तिनं पुस्तक उघडलं, दोन ओळी मोठ्यानं वाचल्या आणि मिटलं. बांधापलीकडं गाडीचा हॉर्न वाजला आणि गाडी निघून गेली. अर्धी मेथी अजून मोकळीच पडली होती. सोजरबाईनं पोतं पाण्यात बुडवलं, सुकू नयेत म्हणून बांधलेल्या जुड्यांवर पसरलं आणि पुढची जुडी हातात घेतली.