सुखबतीची पात

अंगात येणे, बाहेरची बाधा असले विषय निघाले की मी वाद घालत नाही, शांतपणे उठून जातो. माझा त्यावर कधीच विश्वास नव्हता, आजही नाही... तरीही हे लिहितो आहे. मनात ठेवून थकलो आहे.

बपेऱ्याजवळ आमची धानाची शेती आहे. हल्ली रोवणीला, म्हणजे भातलावणीला, नदीपलीकडून, मध्य प्रदेशातून बाया येतात आणि काम संपेपर्यंत आमच्या गोठ्याशेजारच्या खोलीत राहतात. गेल्या पावसाळ्यात त्यांच्यात सुखबती होती. दिवस भरत आलेले. तिची गरोदरपणाची नोंद तिकडच्या गावात. इथल्या आरोग्यसेविकेला, आशाताईंना, ती ठाऊकच नव्हती. मी विचारले तेव्हा हसून म्हणाली, "अभी टाइम है, भैया. आप अपना धान देखो." बाकीच्या खिदळल्या. रोवणी मागे पडली होती. मीही पुढे काही विचारले नाही.

रोवणीत प्रत्येक बाई आपली पात धरते आणि वाकून, मागे-मागे सरकत रोपे लावत जाते. त्या दुपारी मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसलो होतो. डोक्यावर प्लास्टिक घेतलेल्या बाया ओळीने सरकत होत्या. सुखबतीच्या पातीतही एक बाई वाकलेली होती — सकाळी सुखबतीच्या अंगावर होते तेच हिरवे लुगडे. ओळीत कुठेही खंड नव्हता. मी निश्चिंत होतो.

जेवायला सगळ्या वर आल्या, तेव्हा सुखबती त्यांच्यात नव्हती. ती सापडली पलीकडच्या पळसाखाली — रक्ताने भिजलेली, अर्धवट शुद्धीत.

"आत्ता तर पातीत होती!" मी म्हणालो.

"कायची पातीत, भाऊ?" आमच्या गावच्या शेवंताबाई तिच्याच बाजूला रोवत होत्या. "ते तं केव्हाची गेली. पात खालीच होती, रिकामी. तुमी समोर बसून होते ना? दिसलं नाही काय?"

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं तुमी तिले कामावरून काढलं असतं."

मी गाडी काढली. तुमसरहून पुढे भंडाऱ्याला न्यावे लागले. सुखबती वाचली... बाळ गेले. डॉक्टरीणबाई एवढेच म्हणाल्या, "थोडं आधी आणायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी शेवंताबाईंना घेऊन त्याच बांधीवर, त्या भातखाचरावर गेलो. त्या धावपळीनंतर तिथे कुणीही उतरले नव्हते. सुखबतीची पात या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत लावलेली होती. शेवंताबाईंनी हात जोडले आणि मागे फिरल्या. एकेकीला विचारले. कुणीही लावली नव्हती.

दवाखान्यात सुखबतीने डोळे उघडले, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "भैया, मेरी पात छूट गई... अगले साल काम दोगे ना?"

"पात पूरी हो गई," मी म्हणालो.

"किसने की?"

ती बाई कोण होती, हे आजही ठाऊक नाही. आणि पात रिकामी दिसली असती, तर मी उठून शोधायला गेलो असतो का... त्याचेही उत्तर माझ्याजवळ नाही.