ब्राऊन एलचा दुसरा घोट

"ओतून द्या गटारीत," अण्णा म्हणाले आणि त्यांनी ग्लास बाजूला सारला.

अख्खी टाकी भरलेली होती. 

बीडच्या बायपासला आमची मायक्रोब्रूअरी आहे. बिअर तिथंच बनते, तिथंच विकली जाते. मालक अण्णा, दिंद्रुडकडचे जमीनदार, राजकारणातलं वजनदार माणूस. बिअर बनवणारा विष्णू लिंबागणेशच्या मेंढपाळाच्या घरचा, पुण्यात काम शिकून आलेला. मी तलवाड्याची. फूड टेक्नॉलॉजी शिकले, इथं क्वालिटी बघते. चाखणं हे माझं कामच आहे. कॉलेजात मी हातभट्टीविरुद्ध पत्रकं वाटली, म्हणून लोक टोमणा मारतात, "काल दारूबंदी, आज दारू!" आत काय आहे ते लपवून गरिबाला विष पाजणाऱ्यांच्या मी विरुद्ध होते, आजही आहे. आत काय आहे ते तपासण्याचाच आता पगार घेते.

विष्णूनं ब्राऊन एल केली होती. एल म्हणजे बिअरच, पण जरा उबेत आंबवलेली. धान्याला मटकीसारखे मोड आणून वाळवलं की माल्ट होतो. माल्ट जितका भाजावा तितकी बिअर काळी. त्यानं बार्लीच्या जोडीला आपली ज्वारीही मोड आणून भाजून घातली होती. नेहमीच्या बिअरच्या जवळजवळ दुप्पट कडक.

चाखायला बसलो तेव्हा अण्णांनी पहिला घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "ही काय हाय बे? करपलेला तवा धुतल्यावानी लागतंय."

"करपलीच हाय, अण्णा," मॅनेजर म्हणाला.

"लई करपली," अकाउंटंट म्हणाला. त्यानं ग्लासला अजून तोंडही लावलं नव्हतं!

इथं माझं डोकं फिरलं. चाखण्याची साधी रीत आहे. सगळ्यांनी गप्प बसून चाखायचं, आपापलं मत लिहायचं, मग बोलायचं. आमच्याकडे अण्णा आधी बोलतात आणि बाकीच्यांच्या जिभा त्यांच्यामागं चालतात. सरपंच निवडायचा असो नाहीतर बिअर.

मी घोट घेतला. राखेसारखा कडू. वास जवळजवळ नाहीच. पण आदल्या दिवशी टाकीपाशी हिचाच वास खोलीभर पसरला होता. तो गेला कुठं? ग्लास धरलेली बोटं बधिर झाली होती.

"ही कुठं ठेवलेली?"

"डीप कूलरला," मॅनेजर म्हणाला. "अण्णांचा नियम हाय, बिअर बर्फावानी पायजे."

"मी बाहेर ठेवा म्हणलतो," विष्णू पुटपुटला.

"बिअर आन् बाहेर? मे महिन्यात?" अण्णा भडकले. "गिऱ्हाईक हाणील आपल्याला. टाकी रिकामी करा. आन् तू बे, तू जा परत मेंढरामागं."

तो शब्द मला सहन झाला नाही. "अण्णा, टाकी उद्याही ओतता येईल. फ्रिजमधली पुरणपोळी कधी गोड लागली का? गारठ्यात जीभ झोपते, वास वर येत नाही. तुम्ही बिअर नाही चाखली, बर्फ चाखला."

"पोरी, पत्रकातलं भाषण इथं नको."

"भाषण नाही. माझ्या सहीशिवाय टाकी उघडायची नाही, हाही नियम तुमचाच आहे."

मग जुंपली. अण्णांनी माझं वय काढलं, मी त्यांचे होयबा काढले. बोलून बोलून अण्णांचा घसा कोरडा पडला. सवयीनं त्यांनी समोरचा, एव्हाना गारठा उतरलेला ग्लास उचलला, घोट घेतला आणि पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं.

पण बोलण्याऐवजी ग्लास नाकाशी नेला. मीही माझा उचलला.

  उजेडापुढे धरली तर काळ्या एलच्या कडेला डाळिंबाची लाली. फेस खव्याच्या रंगाचा. वास आधी गुऱ्हाळातल्या काकवीचा, मागून भाजल्या शेंगदाण्यांचा. जिभेवर खजूर, मग तव्यावरून नुकत्या उतरलेल्या भाकरीची खरपूस कड. मघाशी एकटीच अंगावर आलेली ती करपट चव आता गोडव्याच्या मागं राखण करत उभी होती. घोट गिळला तरी संपेना. छातीत सावकाश ऊब उतरली. गाभाऱ्यात डोळे अंधाराला सरावले की मूर्ती हळूहळू दिसू लागते, तसं झालं. जी ज्वारी आम्ही रोज मुकाट खातो, तिच्या पोटात हे होतं?

 मग अण्णा हळूच म्हणाले, "विष्ण्या, ह्याच्यात खजूर कावून घातला बे?"

"न्हाई घातला, अण्णा."

"मंग काकवी?"

"तीबी न्हाई."

"मंग आलं कुठून हे?"

"भाजण्यातून," विष्णू म्हणाला. "आन् वाट बघण्यातून."

टाकी वाचली. विष्णू राहिला. ही एल आता माठातल्या पाण्याइतकीच गार देतो. गिऱ्हाईक ओरडलं की अण्णा स्वतः टेबलाशी जातात. "घाई करू नगा. मी पहिल्या दिवसापून हेच सांगतोय."

मी दोन नियम पत्रकासारखे छापून भिंतीला लावलेत. एल गारठवू नये. मालकानं सगळ्यांत शेवटी बोलावं. पहिला अण्णांना पटलाय. दुसऱ्याला ते अजून कडू तोंड करतात, पण ते तोंड बंद ठेवतात.