ते बेट, माझी सवत

बाईच्या संसारात दुसरी बाई आली तर तिला सवत म्हणतात. पुरुषाच्या संसारात कुणी आलं तर त्याला मराठीत काय म्हणतात? मी पुष्कळ डोकं खाजवलं. शब्दच नाही. आणि माझी पंचाईत त्याहून मोठी, कारण आलेला तो कुणी बुवाही नव्हता. ते बेट होतं. ते! नपुंसकलिंगी. भांडायचं तरी कुणाशी?

आफ्रिकेतल्या एका अवाढव्य सरोवरात, किनाऱ्यापासून होडीने अर्ध्या दिवसावर, खडकाळ असं ते बेट आहे. माझी बायको तिथे पाणकावळ्यांचा अभ्यास करायला गेली. पुण्यात प्राणिशास्त्रात एम. एस्सी. केलेली ही बाई माझ्या नोकरीपायी जपानला आली आणि उरायासु शहरात आमच्या स्टेशनसमोरच्या कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, भाताचे ओनिगिरी गोळे रचायचा बायतो, म्हणजे तासावरचं काम, करत राहिली. मग इथल्या एका प्राध्यापकबाईंना घरट्यांवर नजर ठेवायला चिवट माणूस हवं होतं. हिने अर्ज केला, हिची निवड झाली, आणि मीच ऑफिसात मिठाई वाटली. अक्कल चरायला गेली होती माझी, दुसरं काय!

बेटावर सिग्नल मिळायचा तो फक्त एका उंच खडकावर. संध्याकाळी ती तिथे चढायची आणि दिवसभराचं सगळं एका दमात बोलून व्हॉइस मेसेज पाठवायची. इथे सकाळी डबे भरताना मी आणि आमची नऊ वर्षांची मुलगी ते ऐकायचो. पाणघोडे रात्री चरत चरत तंबूपर्यंत येतात आणि सकाळी बघावं तर गवताची हजामत झालेली. मत्स्यगरुड ओरडताना मान पार पाठीला टेकेपर्यंत मागे टाकतो. पाण्यावरून चिलटांचे ढग उठतात, लांबून वाटतं कुठेतरी आग लागलीय, आणि ते अंगावर आले की तोंड मिटून बसायचं, नाहीतर जेवणच होतं. एक घोरपड आहे, ती घरट्यातली अंडी पळवते, आणि पाणकावळा घरी परतला की अशी पडून राहते की जणू त्या गावचीच नाही. हे सांगताना ती हसायची. पोट धरून, मधेच श्वास अडकून हसायची. ते हसू मी कॉलेजात असताना ऐकलं होतं. आम्ही जपानला जे सामान आणलं त्यात ते नव्हतं.

माझ्या पोटात दुखायला लागलं. पाणघोड्यांवरून! एका घोरपडीवरून! लोकांना सांगायची सोय नाही. ऑफिसात सगळे म्हणायचे, "ओकुसान किती धाडसी आहेत हो तुमच्या!" ओकुसान म्हणजे दुसऱ्याची बायको, आदराने. मी मान लववून आभार मानायचो आणि जागेवर येऊन की-बोर्ड बडवायचो.

घरी तर वेगळाच तमाशा. आमची मुलगी, तिला मराठीत काही विचारा, उत्तर जपानीत येणार. पण आईला मेसेज पाठवताना कशी मराठी फुटायची बघा! "आई, आज घोरपडीने किती अंडी खाल्ली गं?" मी म्हटलं, "अगं, बाप पण आहे घरात, त्याच्याशी बोल की दोन शब्द." तर म्हणाली, "पापा, उरुसाइ." म्हणजे, कटकट नको.

कचऱ्याचं काम आता माझ्याकडे होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी पिशव्या खाली न्यायच्या, वर जाळी नीट पसरायची, नाहीतर कावळे सगळा रस्ताभर उकिरडा करतात. एक कावळा होता, खांबावर बसून माझी वाटच बघायचा. जाळीचं टोक चोचीने उचलायचा आणि कालच्या भाजीची सालं बाहेर काढायचा. बायको तिकडे पाणकावळे मोजत होती आणि मी इकडे नुसते कावळे हाकलत होतो. इथे त्या कचऱ्याला मोएरु गोमी म्हणतात, म्हणजे जळणारा कचरा. त्या वर्षी आमच्या घरात सगळ्यात जास्त जे जळत होतं, ते मात्र पिशवीत भरता येत नव्हतं.

हिवाळ्यात ती दोन आठवड्यांसाठी घरी आली. काळवंडली होती, वाळली होती, आणि दिसत होती काय सुंदर! मला त्याचाही राग आला. प्राध्यापकबाईंनी तिला अजून एक वर्ष मागितलं होतं. परत निघायच्या आत हो-नाही कळवायचं होतं. ती विषय काढत नव्हती आणि मी विचारत नव्हतो. आम्ही दोघं नुसतं "चहा घेणार का" असं एकमेकांना विचारत होतो.

शेवटी रविवारी मी बेत केला. तिघं सायकली काढून खाडीच्या बंधाऱ्यावर गेलो. तिथे पाण्यातल्या खांबांवर पाणकावळे पंख पसरून वाळत बसलेले असतात. मी आठवडाभर आधी जाऊन खात्री करून आलो होतो.

"काखेत कळसा नि गावाला वळसा!" मी हात पसरून म्हणालो. "हे घे तुझे पाणकावळे. ना होडी, ना विमान. घरापासून सायकलने दहा मिनिटं."

तिने बघितलं. "हो, छान आहेत," म्हणाली.

ते छान! शेजारणीच्या मुलीच्या नाचाला आपण म्हणतो तसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"असं काय आहे गं त्या दगडात, जे इथे नाही?" मी ओरडलो. "जळतोय मी, कळतंय का तुला? त्या बेटावर, त्या पाणघोड्यांवर, त्या मेल्या घोरपडीवरसुद्धा! बाईला निदान सवत तरी असते. मला जे झालंय त्याला शब्दसुद्धा नाही!"

गळ टाकून बसलेल्या एका आजोबांनी वळून बघितलं आणि सभ्यपणे पुन्हा पाण्याकडे तोंड केलं. मुलगी सायकल घेऊन लांब गेली. बायको हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही.

"तुझ्याकडे शब्द नाही म्हणून तू एवढा ओरडतोयस," ती म्हणाली. "माझ्याकडे होता. तू शेवटच्या ट्रेनने घरी यायचास, रविवारी लॅपटॉप उघडून बसायचास, पोरीच्या गॅदरिंगला फोन कानाला लावून उभा असायचास. इतकी वर्षं. मी एकदा तरी तुझ्या ऑफिसला सवत म्हटलं का रे?"

मी सायकलचा स्टँड उगाच पायाने वर-खाली केला.

"आता तूच सांग," ती म्हणाली. "जाऊ का नको? नको म्हणालास तर नाही जाणार. खरंच सांगते."

आली का पंचाईत! 'नको' अगदी ओठावर होतं. एवढं दोन अक्षरांचं काम, आणि माणूस घरात. तेवढ्यात एक पाणकावळा खांबावरून उठला आणि पाण्याला पोट घासत गेला. ती त्याच्यामागे मान वळवत गेली, मला विसरून, प्रश्न विसरून, आणि तिचा चेहरा एकदम त्या मेसेजमधल्या आवाजासारखा झाला. मी तो चेहरा तोवर फक्त ऐकला होता.

"जा," मी म्हणालो.

उगाच कुणी माझं कौतुक करू नये. मोठ्या मनाने वगैरे काही म्हणालो नाही. दातओठ खाऊन म्हणालो.

ती गेल्यावर पहिला मेसेज आला तो शुक्रवारी सकाळी. मी डब्यात पोळ्या गुंडाळत होतो. फोन ओट्यावर उभा करून दोघांनी ऐकला. आधी वारा, मग पाणघोड्यांचं घुरघुरणं, मग तिचा आवाज. घोरपडीला आता जोडीदार मिळालाय म्हणे, दोघं मिळून चोऱ्या करतात. मग ती हसली, तशीच, श्वास अडकून.

"आई हसली," मुलगी मला म्हणाली. मराठीत.

"ऐकलं," मी म्हणालो, आणि जळणारा कचरा घेऊन खाली गेलो.