उभ्यानं खाल्लेला डबा

सन २०१२. मी अडुसष्ट वर्षांचा होतो. साखरेमुळं पायाचा अंगठा चिघळला होता आणि सरकारी दवाखान्यातली एक शिकाऊ डॉक्टरीण दिवसाआड तो धुऊन बांधायची. त्या दिवशी गेलो तर सगळे शिकाऊ डॉक्टर फाटकाशी मांडव घालून संपावर बसलेले. पगार वाढवा, ड्युटीचे तास कमी करा, अशी मागणी.

तीही त्यांच्यातच होती, पण उभ्यानंच डबा खात होती. मागं खुर्च्या रिकाम्या.

"बाई, बसा की."

ती हसली. "सवयच मोडलीय, आजोबा. वॉर्डात बसलं की लगेच हाक येते."

मी चाळीस वर्षं मार्केट यार्डात पोती वाहिली. आता पाठीवर काही नाही, तरी मान पुढंच झुकते. काम असं हाडात मुरतं. कुणी काही बोललं म्हणून ते खोटं ठरत नाही.

बरोबरचा श्रीपती कुरकुरला, "सरकारच्या पैशावर शिकले, आता संप करतात. तुझा अंगठा सडला म्हणजे कळेल."

"अंगठा माझा आहे. कळ तुला कशाला येते?"

भीती मलाही होती, खोटं कशाला लिहू. पण उभ्यानं जेवणाऱ्या माणसाला ऐतखाऊ म्हणायला माझी जीभ वळणार नाही, अंगठा राहो की जावो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धुवायची तशीच मी जखम धुतली, स्वच्छ धडप्याची पट्टी बांधली, लंगडत मांडवात जाऊन पहिल्या रांगेत बसलो आणि शेजारच्या खुर्चीवर टॉवेल टाकून तिच्यासाठी जागा धरली.