पोंगलचा चुना

मद्रासजवळच्या आवडी गावातल्या सरकारी क्वार्टरमध्ये दत्ताजीराव दर पोंगलआधी स्वतःच भिंतींना चुना लावत. त्याच सुमारास मद्रासच्या चेपॉक मैदानावर क्रिकेटचा कसोटी सामना असे. शिंतोड्यांच्या भीतीने रेडिओ स्वयंपाकघरात ठेवलेला. क्रिकेटमधलं ओ की ठो न कळणारी त्यांची बायको सकवारबाई तिथूनच सांगे, "आपला आणखी एक गेला." मध्ये बातम्या लागल्या, की पडलेलं सरकारही ती त्याच सुरात सांगे.

आश्विनात ती वारली. वर्षाच्या आत सण नाही, म्हणजे चुन्याचीही गरज नव्हती. तरी ते हट्टाने शिडीवर चढले. अर्धी भिंत झाल्यावर सवयीने विचारलं, "किती झाले गं?"

उत्तर येईना, तसे चिडून खाली उतरले. स्वयंपाकघरात रेडिओ बंदच होता. इतकी वर्षं तो तीच लावत होती.