हातावर बसलेलं पाखरू

तैमी पेल्तोच्या फ्रीजरात, जंगली ब्लूबेरीच्या पिशव्यांना खेटून, कॉफीचा एक जुना डबा होता आणि त्या डब्यात तीन मेलेली पाखरं होती. डब्यावर तिनं चिकटपट्टी लावून ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : पुरावा.

कोणाविरुद्ध, ते लिहायची गरज नव्हती. कुंपणापलीकडे घर एकच होतं.

तैमीचा स्वभाव संशयी, हे तिच्या माहेरचे आणि सासरचे दोघंही एकमतानं सांगत. आणि फिनलंडहून या तांब्याच्या खाणींच्या मुलखात आलेल्या त्या दोन घराण्यांचं एकमत व्हावं अशा गोष्टी थोड्याच होत्या. एकतीस वर्षं तिनं शाळेच्या भटारखान्यात काढली. दुधाचा कॅन आला की झाकण उघडून नाक खुपसल्याशिवाय सही करायची नाही. "तारीख कागदावर असते, दूध कॅनमध्ये असतं," म्हणायची. एकदा मांसाची आख्खी गाडी तिनं भर बर्फातून माघारी धाडली. गाडीवाला आईमाईवरून शिव्या देत गेला. त्याच आठवड्यात शेजारच्या शाळेतली पोरं रांगेनं ओकली आणि तैमीचा आपल्या नाकावर जो विश्वास बसला तो बसलाच.

नवरा आर्वो अगदी उलट. हिवाळाभर रस्त्यावरचा बर्फ ढकलायची गाडी चालवायची, घरी येऊन गप्प बसायचं. बोललाच तर पाखरांशी. सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीची, जुनी खोली पाडली तेव्हा तिच्या बाकाची एक फळी त्यानं राखून ठेवली, चारी बाजूंनी पट्ट्या ठोकल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर टांगली. तिच्यावर सूर्यफुलाच्या बिया, कोपऱ्यात चरबीचा गोळा. आर्वो बाहेर जाऊन उभा राहिला की काळ्या डोक्याची चिमुकली पाखरं, काळटोप्या, त्याच्या टोपीवर, खांद्यावर, पंज्यावर उतरायच्या. बी उचलायची आणि भुर्र. तैमी तशीच हात पसरून उभी राहायची. बोटं बधिर होईतो उभी राहायची. एक येईल तर शपथ.

"तू त्यांच्याकडे दुधाच्या कॅनकडे बघावं तशी बघतेस," आर्वो म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी पानगळीत आर्वो गेला. फळी राहिली. तैमीनं तिच्यावर रोज सकाळी बिया घालायचा नेम एकदाही चुकवला नाही. फळी मात्र कधी धुतली नाही. चरबी, साली, पाऊस, बर्फ सगळं पिऊन ती काळी कुळकुळीत झाली होती, मुरलेल्या तव्यासारखी. मुरलेला तवा कोणी साबणानं घासतं का? शिवाय आर्वोनं पेन्सिलनं मारलेली एक रेघ तिच्या कडेला अजून दिसत होती.

जानेवारीत उत्तरेकडून लालकपाळ्यांचे थवे उतरले. चिमणीपेक्षा लहान, कपाळावर कुंकवाएवढा लाल ठिपका. एका सकाळी तैमी बिया घालायला गेली तर सगळ्या उडाल्या, एक बसून राहिली. पिसं फुगवून लोकरीचा गुंडा झालेली. तैमीनं बोट पुढं केलं. पाखरू हललं नाही. तिनं पाठीवरून बोट फिरवलं, मग अलगद ओंजळीत घेतलं. पाखरानं डोळे मिटले. आत शेगडीवर कॉफी करपून गेली, वास घरभर सुटला, पण त्या दिवशी तैमीच्या नाकाला काही कळलं नाही.

धाकट्या बहिणीला, सिल्वीला, तिनं लगेच फोन लावला.

"ताई, तुझ्या हातावर? तुझ्या?"

"ओंजळीत. डोळे मिटून. आर्वोजवळसुद्धा असं कधी डोळे मिटून बसलं नव्हतं."

"चला, सत्तरी ओलांडल्यावर का होईना, कुणीतरी तुझ्यावर भरवसा टाकला."

तैमीनं फोन ठेवला आणि कितीतरी वेळ आपल्या तळहाताकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तेच पाखरू फळीखाली पाय वर करून पडलेलं होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी एक. मग आणखी.

पलीकडच्या घरात डेन्झिल ट्रेगेम्बो राहायचा. त्याचे पूर्वज कॉर्नवॉलचे. त्याचा आजा तांब्याच्या खाणीत मुकादम होता आणि तैमीचा आजा त्याच खाणीत, त्याच मुकादमाच्या हाताखाली, फावडं मारायचा. खाणीला टाळं लागून जमाना झाला. पण मुकादमाचं पोर नि फावडेवाल्याचं पोर हा हिशोब कुंपणावर तसाच लोंबत होता. त्यात पास्टीचं भांडण. मांसबटाट्याच्या त्या करंज्यांत डेन्झिलच्या घरी पिवळा सलगम पडायचा, तैमीच्या घरी गाजर, आणि दोन्ही घरं एकमेकांच्या पास्टीला डुकराचं खाणं म्हणायची. तरीही चाळीस वर्षं निभली होती. मग गेल्या ऑक्टोबरात अस्वल आलं. आलं तैमीच्या बियांच्या वासानं, पण वाटेत डेन्झिलचं खुराडं लागलं. चार कोंबड्या गेल्या.

"हे अन्नछत्र बंद कर, तैमी," डेन्झिल कुंपणावरून ओरडला होता. "नाहीतर मी बंद करतो!"

हे वाक्य तिनं जपून ठेवलं होतं. आता ते बाहेर काढलं.

"विष घालतोय मेला," तिनं सिल्वीला सांगितलं.

"डेन्झिल? अगं, त्याला उंदीर मारवत नाही. मागं सापळ्यातला उंदीर गाडीत घालून तळ्यापलीकडे सोडून आला होता."

"उंदीर त्याच्या कोंबड्या खात नव्हता."

मग बर्फावर ठसे दिसले. डेन्झिलच्या फाटकापासून थेट फळीखालपर्यंत आणि परत. उजवं पाऊल बाहेर फाकलेलं. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून तो तसाच चालायचा. तैमीनं ठशाशेजारी लाकडी चमचा ठेवून मोबाईलवर फोटो काढला. तपासणीत असं करतात, हे तिनं टीव्हीवर पाहिलं होतं. चमच्याची काय गरज, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या बेताला ती सौनाच्या कपडे बदलायच्या खोलीत, छोट्या खिडकीशी, अंगावर दोन कोट चढवून बसली. सात वाजता डेन्झिल आला. हातात बादली आणि चुलीतला चिमटा. फळीखाली वाकला, काहीतरी उचललं, बादलीत टाकलं.

तैमी दार लोटून बाहेर पडली.

"सापडलास! माझ्या अंगणात तुझे बूट काय करतायत?"

डेन्झिल इतका दचकला की बादली कलंडली. दोन लालकपाळ्या बर्फावर घरंगळल्या.

"आईच्यान्! म्हातारे, माझं हृदय बंद पाडतेस का?"

"विष घालतोस आणि प्रेतं पळवतोस! पुरावा नष्ट करायला!"

"विष?" डेन्झिलनं चिमटा खाली घेतला. "विष घालायचं असतं तर तुझ्या पास्टीत घातलं असतं. गाजराच्या चवीखाली कुणाला कळलंही नसतं."

"हसण्यावारी नेऊ नकोस. मग उचलतोस कशाला?"

"तुझे कावळे ही मढी माझ्या खुराड्यात आणून टाकतात म्हणून. तुझी पाखरं आजारी आहेत, तैमी. आजारी! माझ्या कोंबड्यांना लागलं म्हणजे?"

"माझी पाखरं आजारी? माझ्या हातावर येऊन बसतात ती!"

डेन्झिल काहीतरी बोलणार होता. तिच्या तोंडाकडे पाहून त्यानं तोंड मिटलं, मढी पुन्हा बादलीत घातली आणि फाकल्या पावलानं निघून गेला. तो गप्प बसला, म्हणजे नक्कीच काहीतरी लपवतोय, असं तैमीनं धरलं. गप्प बसणाऱ्या मुकादमाचा भरवसा नाही.

ती डबा घेऊन तडक गावातल्या वन्यजीव कचेरीत गेली. टेबलामागची बाई तरुण होती, कॅरल नावाची. तिनं हातमोजे घालून डबा उघडला. चिकटपट्टीवरचा शब्द वाचला, पण हसली नाही.

"प्रयोगशाळेत पाठवते. पण विचारू का? मरायच्या आधी फुगून बसत होती का?"

"हो."

"जवळ गेलं तरी उडत नव्हती?"

"उडत कशाला? ओळखतात मला." तैमीनं मान ताठ केली. "एक तर ओंजळीत बसलं. डोळे मिटून."

कॅरलनं पाखरं पिशवीत काढली आणि रिकामा डबा तैमीपुढं सरकवला. "पेल्तोबाई, काळटोपी हातावर येते, बी घेते आणि पळते. डोळे मिटून कुठलंच रानपाखरू बसत नाही. त्याच्यात उडायचं बळ नव्हतं. साल्मोनेला असावा, पोटाचा जंतू. एकाची शीट दुसऱ्याच्या दाण्यात जाते. बिया घालता ते कशात? शेवटचं कधी धुतलं?"

"धुवायचं काय त्यात? फळी आहे ती. सौनाच्या बाकाची."

"निदान महिनाभर बंद ठेवा. आणि ती फळी पुन्हा वापरू नका. लाकडात मुरतं ते."

बाहेर येईपर्यंत तैमीनं कॅरललाही संशयितांत घातलं होतं. सरकारी माणसं. यांना काय, टेबलामागं बसून बंद करा म्हणायला. फेब्रुवारीची थंडी, कंबरभर बर्फ, रोजचा दाणा अचानक तोडला तर त्यांनी जायचं कुठं? आणि खिडकीसमोर कोणीच आलं नाही तर सकाळी कॉफी घेऊन तिनं तरी बसायचं कुणासमोर? हा दुसरा प्रश्न मात्र तिनं स्वतःलाही धड विचारला नाही.

दोन दिवस ती बिया घालत राहिली. पण आता बघणं बदललं होतं. कोण फुगलंय, कोण चोचीनं दाणा नुसताच घोळवतंय, कोणाच्या शेपटीखाली घाण लागलीय, हे एकदा दिसायला लागल्यावर दिसेनासं होईना. तिनं नाक फळीजवळ नेलं. एकतीस वर्षांत कुठल्या कॅनला आला नव्हता असा कुबट, आंबूस वास आला. दोन वर्षं हाच वास रोज सकाळी नाकासमोर होता. तिला तो आर्वोच्या फळीचा वास वाटायचा.

तिसऱ्या दिवशी फळीवर एक लालकपाळी बसून होती. लोकरीचा गुंडा. तैमी जवळ गेली.

"उड," ती म्हणाली.

पाखरानं डोळे अर्धे उघडले.

"उड की गं! मी वाईट बाई आहे. उड!" तिनं टाळी वाजवली. पाखरू जागच्या जागी डुललं.

दुपारपर्यंत तिनं पक्कड आणून साखळ्या तोडल्या आणि फळी खाली उतरवली.

फिनलंडकडच्या त्या समाजात माफी मागायची रीत नाही. भांडण मिटवायचं असेल तर शनिवारी सौना तापवायचा आणि नुसतं 'तापलंय' एवढं कळवायचं. ज्याला कळायचं त्याला कळतं. तैमीनं कुंपणापाशी जाऊन हाक मारली.

"डेन्झिल! तापलंय."

डेन्झिल खुराड्यातून बाहेर आला. डोळे बारीक केले. "कुणासाठी?"

"तुझ्यासाठी. आणखी कोण राहतं इथं?"

"का?"

"का म्हणजे? शनिवार आहे."

"मागचे कैक शनिवार होते की. आत कोंडून दाराला कडी घालणार असशील तर सांग, बायको नसली तरी कोंबड्यांना वारस नेमावा लागेल."

"यायचं तर ये. नाहीतर कुजत बस."

तो आला, पण टॉवेलबरोबर मोबाईलही घेऊन आला. तैमीनं तो पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं. रीतीप्रमाणे पुरुषमाणूस आधी आत गेला. ती कपडे बदलायच्या खोलीत, शेगडीचं तोंड उघडतं तिथं, लाकडं सारत बसली. शेवटी तिनं फळी उचलली. कडेची पेन्सिलची रेघ अंगठ्यानं एकदा चाचपली आणि फळी आत सारली. मुरलेली चरबी अशी भडकली की शेगडी गुरगुरली.

आतून डेन्झिलचा आवाज आला. "अगं, काय जाळतेस? डुक्कर भाजल्यासारखा वास येतोय!"

"आर्वोची फळी."

आत गरम दगडांवर पाण्याचा एक तांब्या पडल्याचा चर्र आवाज.

"एक विचारू?" डेन्झिल म्हणाला. "बसायची फळी दर शनिवारी ब्रशनं घासतेस. बोटानं पुसून बघतेस. मग खायची फळी का गं राहिली?"

तैमीनं बादलीतल्या पाण्यात हात घातले आणि साबण घेऊन बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, मनगटापर्यंत घासत राहिली.

जाताना डेन्झिल वेलदोड्याच्या पावाचे दोन तुकडे खाऊन गेला. तिसरा उचलायच्या आधी त्यानं तो हुंगून पाहिला, आणि तैमीनं त्याला हुंगू दिलं. बियांचं न उघडलेलं पोतं तिनं कुंपणापाशी उभ्या त्याच्या बर्फावरच्या घसरगाडीवर टाकलं.

"कोंबड्यांना घाल. शिवण बघून घे, तोडलेली नाही."

"बघितली," डेन्झिल म्हणाला. खरंच बघितली होती.

पुढचे कित्येक दिवस खिडकीसमोर दोन तुटक्या साखळ्या लोंबत राहिल्या. लालकपाळ्या दोन दिवस घिरट्या घालून रानातल्या बर्चच्या झाडांकडे गेल्या. तैमीनं खुर्चीचं तोंड फिरवलं नाही. प्रयोगशाळेचा कागद आला. कॅरल म्हणाली होती तेच त्यात होतं. तिनं डब्यावरची चिकटपट्टी सोलून काढली, डबाही टाकून दिला. महिना उलटला तसा सिल्वीचा फोन आला. "आता घालायला हरकत नाही ना? पत्र्याचं नवं घे. धुवायला सोपं."

"नको. अस्वलं हिवाळ्याच्या झोपेतून उठायची वेळ झाली."

"आणि पुढच्या हिवाळ्यात?"

"पुढच्या हिवाळ्यातही नको. मागं बेरीची झुडपं वाढू देते. खातील त्यांचं ते."

एप्रिलात बर्फ खचला. तैमी ओल्या चादरींची बादली घेऊन अंगणात आली तर वाळत घालायच्या दोरीवर एक काळटोपी बसली होती. मान तिरकी करून ती तैमीकडे बघत होती, एका डोळ्यानं, मग दुसऱ्यानं, दुधाच्या कॅनकडे बघावं तसं. तैमीनं बादली खाली ठेवली आणि एक पाऊल पुढं टाकलं.

भुर्र.

"शहाणी आहेस," तैमी म्हणाली, आणि दोरीवर ती बसली होती तेवढी जागा पुसून घेतली.